मनीऑर्डरीच्या वाटेने आलेली मानमोडी

पाटण खोऱ्यातली जुनी माणसे आपले वय सांगताना सन सांगत नसत. कुणी प्लेगाच्या साली जन्मलेला असे, कुणी मानमोडीच्या साली आईवेगळा झालेला. माझ्या आजीच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द येत. प्लेग म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकामुळे मला कळले होते. मानमोडी म्हणजे काय, हे कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली. १९१८ साली जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडच्या लोकांनी दिलेले ते नाव. तापाने माणूस असा गळून जाई की मान वर धरवत नसे, म्हणून मानमोडी.

प्लेगावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. रँडच्या वधामुळे त्या साथीला राजकीय इतिहासात कायमची जागा मिळाली. मानमोडीला असे काही लाभले नाही. वास्तविक प्लेगाने हिंदुस्थानात वीस-पंचवीस वर्षांत जेवढी माणसे नेली, साधारण तेवढी किंवा त्याहून अधिक माणसे या साथीने काही महिन्यांत नेली. अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे दगावली. पण एवढ्या मोठ्या मृत्यूची आठवण आमच्या तालुक्यात एका शब्दापुरती आणि एका वाक्यापुरती उरली आहे. ते वाक्य असे : ‘मानमोडी मुंबैवाल्यांनी आणली.’

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत बसून जे वाचता आले ते वाचले. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. साथीच्या इतिहासात दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. साथ आली कोणत्या वाटेने, हा एक. आणि ती आल्यावर कोण मेले, हा दुसरा. वरच्या वाक्यात पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात मुळीच नाही.

गोदी

१९१८च्या मे महिन्याच्या अखेरीस युद्धावरून सैनिक घेऊन आलेले एक जहाज मुंबई बंदरात लागले. १० जून रोजी गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून पोलीस रुग्णालयात दाखल झाले. पुढच्या दहा दिवसांत जहाज कंपनीचे नोकर, पोर्ट ट्रस्टचे कामगार, बँकेतले कारकून, तारखाते, टांकसाळ आणि एक सूतगिरणी असा हा ताप सरकत गेला. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी साथीला रात्रीच्या चोराची उपमा दिली आणि ती जहाजातूनच आली, असे मत नोंदवले. सरकारी पक्षाने ते मानले नाही. जहाजावरच्या लोकांना आजार मुंबईनेच दिला, असा त्यांचा दावा होता. गाव मुंबईकडे बोट दाखवत होते, मुंबई जहाजाकडे आणि जहाजाचे मालक पुन्हा मुंबईकडे.

या वादात एक साधी गोष्ट हरवली. आजाराची पहिली गाठ पडली ती माल आणि माणसे उतरवून घेण्याच्या जागी उभ्या असणाऱ्यांशी. शहराचे दार उघडे ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे, त्यांच्या अंगावर ते दार पहिल्यांदा आदळले.

जूनची लाट त्या मानाने सौम्य होती. महिना-सव्वा महिन्यात ती ओसरली. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि तिने तरण्याताठ्यांना गाठले. एरवी फ्लूने लहान मुले आणि म्हातारी माणसे दगावतात. या वेळी वीस ते चाळीस वयाची माणसे सर्वांत अधिक गेली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. नवरात्राचे दिवस नुकते सुरू झाले होते.

एक खोली

मुंबईचे तेव्हाचे मृत्यूचे आकडे जातवार आणि धर्मवार ठेवलेले आहेत. ते वाचल्यावर मी काही वेळ पान उलटू शकलो नव्हतो. या साथीत दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, हिंदी ख्रिश्चनांत १८.४, स्पृश्य हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि ज्यांना त्या कागदांत ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यात ६१.६. शहर तेच, महिने तेच, विषाणूही तोच. मरण मात्र सातपटीने वेगळे.

यात रक्ताचा किंवा वंशाचा काही संबंध नाही. संबंध आहे तो खोलीचा, कामाचा आणि ताटाचा.

त्या काळात मुंबईचे दर दहांपैकी जवळजवळ सात लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत, आणि एका खोलीत सरासरी चार-साडेचार माणसे असत. ही झाली सरासरी. गिरणगावातल्या गावकीच्या गाळ्यांचा हिशेब वेगळा. आमच्याकडच्या अनेक गावांच्या मुंबईत अशा खोल्या होत्या. एका गावची वीस-पंचवीस माणसे ट्रंक आणि वळकटी घेऊन एका गाळ्यात राहत. रात्रपाळीचा उठला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा आडवा होई. अंथरूण गार व्हायला वेळ नसे. जेवण खाणावळीत, तेही एकाच पंगतीला. अशा ठिकाणी श्वासातून जाणारा विषाणू शोधत फिरत नाही. त्याला सगळे हाताशी असते.

गिरणीतली हवा हा आणखी एक भाग. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून खिडक्या बंद ठेवून आत वाफ सोडली जाई. त्या दमट उष्म्यात कापसाचा बारीक भुगा तरंगत राही. ज्यांनी कापूस साफ करण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यात वर्षे काढली, त्यांना सुट्टीनंतर कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होई. वैद्यकाने पुढे या आजाराला बिसिनोसिस हे नाव दिले. श्वासनळीच्या आतल्या बाजूस बारीक केसांसारखे तंतू असतात. ते धूळ आणि जंतू बाहेर ढकलत राहतात. रोजच्या भुग्याने ही व्यवस्था खिळखिळी होते.

मानमोडीत याचा अर्थ काय होतो, हे कळायला शतक जावे लागले. १९१८ साली हा आजार विषाणूने होतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये वेगळा करता आला. अलीकडे त्या काळी जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा दिसले की बहुतेकांचा शेवट विषाणूपाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाला. विषाणू दार तोडतो आणि घशात आधीपासून दबा धरून बसलेले जिवाणू आत शिरतात. दार आधीच भुग्याने खिळखिळे असेल, तर तोडायला कितीसा वेळ?

विणकाम खात्यातली एक पद्धत इथे सांगितली पाहिजे. धोट्याच्या भोकातून सुताचे टोक काढण्यासाठी कामगार ते तोंडाने ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. याच कारणाने, म्हणजे विटाळ नको म्हणून, अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मला यातली विसंगती फार बोचते. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडात घेऊ नये, ही समज शहराला होती. तिचा उपयोग मात्र माणसांना कमी मजुरीत ठेवण्यासाठी झाला, आजार थांबवण्यासाठी नाही. आणि कमी मजुरी म्हणजे आणखी दाट खोली, आणखी पातळ आमटी. ६१.६ हा आकडा असा तयार झाला.

सरकारने त्या दिवसांत सल्ले दिले : गर्दी टाळा, मोकळ्या हवेत झोपा, विश्रांती घ्या. सल्ले चुकीचे नव्हते. पण ज्याचा खाडा म्हणजे पगार बुडाला आणि बदली कामगार जागा धरायला गेटवर उभा, त्याने विश्रांती कुठून आणायची?

वाट

पाटणहून मुंबईला जाण्याच्या तेव्हा दोन वाटा होत्या. पूर्वेला बैलगाडीने कऱ्हाड आणि तिथून मीटरगेज गाडीने पुणे. पश्चिमेला कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे खाडीने दाभोळ आणि आगबोटीने मुंबई. रत्नागिरीइतकी नसली, तरी साताऱ्यातून मुंबईला जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. डोंगरातली नाचणी-वरीची शेती चार महिने पुरे. उरलेले आठ महिने मुंबईची मनीऑर्डर पुरवी. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डरीचे काम हाती घेतल्यावर या वाटेवर पैसा नियमित वाहू लागला. सारा, सावकार, लग्न, कौले, सगळे त्यावर.

पावसाळ्यात आगबोटी बंद असत. नारळी पौर्णिमेनंतर बंदरे उघडत. जूनची लाट मुंबईत होती तेव्हा समुद्राची वाट मिटलेली होती आणि गावाकडे पेरणी-लावणीची घाई उरकत आलेली होती. दुसरी लाट उसळली ती गणपती आणि दसऱ्याच्या मधल्या काळात. त्या वर्षी गणेश चतुर्थी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. वाटा उघडलेल्या, सण तोंडावर, मुंबईत माणसे पटापट मरताहेत आणि आजारी माणसाला सांभाळायला खोलीत कोणी नाही. अशा वेळी माणूस घरी जातो. साथ पसरवण्यात रेल्वेचा मोठा हात होता, हे तेव्हाच्या सॅनिटरी कमिशनरने, नॉर्मन व्हाइट यांनी, आपल्या अहवालात नोंदवले आहे.

माझा अंदाज असा की, जूनची सौम्य लाट अंगावर काढलेल्या काही मुंबईकरांना ऑक्टोबरात थोडेफार संरक्षण मिळाले असावे. डोंगरातल्या वाड्यांना तेही नव्हते. पहिला धडा चुकलेल्या विद्यार्थ्याला थेट शेवटचा पेपर द्यावा लागला.

ताट

आता दुसरा प्रश्न : विरळ वस्तीच्या, मोकळ्या हवेच्या गावांत एवढी माणसे का मेली?

१९१८चा पाऊस दगा देऊन गेला. मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागात खरीप हाती लागला नाही. युद्धामुळे धान्य आधीच महाग झाले होते. कापड आणि रॉकेलही. ऑक्टोबरात जे काही पीक उभे होते ते काढायचे आणि रब्बीची पेरणी करायची, नेमक्या त्याच पंधरवड्यात घरातली कर्ती माणसे अंथरुणाला खिळली. पीक शेतात राहिले, पेरणी हुकली आणि पुढच्या वर्षाची भूक त्याच महिन्यात पेरली गेली.

भुकेल्या शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, हे आपल्या आज्यांना माहीत होते; विज्ञानाने त्याची कारणे सांगितली. प्रथिने कमी पडली की प्रतिकार करणाऱ्या पेशी तयार करणारी छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते. अ जीवनसत्त्व कमी पडले की श्वासनळीचे अस्तर कच्चे राहते. त्यात हिवताप आणि जंत यांनी रक्त आधीच पातळ केलेले. मुंबईत गेलेल्याचे फुप्फुस भुग्याने थकले होते, गावी राहिलेल्याचे शरीर भुकेने. दोन्ही टोकांना एकच घर होते.

या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. जगातल्या अनेक देशांत याच्या उलट घडले होते. कारणे उघड आहेत. शेवटी जेवणारी तीच, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच आणि स्वतःला ताप असताना विहिरीवर जाणारीही तीच. आजीच्या बोलण्यात ‘आईवेगळी’ झालेली माणसे इतकी का असत, हे मला या आकड्यांनी समजावले.

जिल्ह्याच्या जनगणनेत या सगळ्याची खूण आहे. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली १२,२५,९८९ होती. प्लेग आणि वाईट वर्षांनंतर १९०१ साली ती ११,४६,५५९ झाली. १९२१च्या गणनेत ती सव्वादहा लाखांच्या आसपास उतरली. तेव्हाच्या या जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे भागही होते. तीस वर्षांत लाखो मुले जन्मली, तरी जिल्हा दोन लाखांनी रिता झाला.

ताप

गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असत. मृत्यूच्या कारणाचे ठरीव खाने होते : पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप आणि असेच थोडे. मानमोडीला खाना नव्हता. त्यामुळे त्या वर्षीचे बहुसंख्य मृत्यू ‘ताप’ या एका शब्दात गेले. नोंद करणारा पाटील किंवा कोतवालच आजारी पडला तर नोंदच राहिली. सरकारी आकडे आणि अभ्यासकांचे अंदाज यांत जे मोठे अंतर दिसते, त्यातले बरेचसे या एका शब्दात दडले आहे.

शहराच्या नोंदीही गावाशिवाय वाचता येत नाहीत. १९२१ साली मुंबईचा बालमृत्यू दर हजारी साडेसहाशेच्या वर आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात आठशेच्या वर नोंदला गेला. आकडा भयंकर आहे, पण तो जरा फुगलेलाही आहे. कारण गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला गावी येत. जन्म पाटणच्या बुकात आणि मृत्यू मुंबईच्या बुकात. एका कुटुंबाचा हिशेब दोन वह्यांत वाटलेला. एकच वही वाचणारा नेहमी अर्धे सत्य सांगतो, मग तो शहराचा असो की गावाचा.

पुन्हा तीच वाट

१९१८नंतर एकशे दोन वर्षांनी ही वाट पुन्हा बंद झाली. आमच्या तालुक्यातले गिरणी कामगार संपले होते. त्यांची जागा माथाडींनी घेतली होती. माथाडी चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा झाला. नवी मुंबईच्या बाजार समितीत पोती वाहणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातली माणसे फार. २०२०च्या टाळेबंदीत शहराला भाजी आणि धान्य पुरवायचे म्हणून ही बाजारपेठ चालू राहिली. शेवटी करोनाचा फैलाव झाल्यामुळे ११ मेपासून ती आठवडाभर बंद करावी लागली. गोदीतले सात शिपाई मला तेव्हा आठवले. माल उतरवणाऱ्यांना पहिला फटका, हे सूत्र शंभर वर्षांत बदलले नव्हते.

त्या उन्हाळ्यात गावांच्या वेशीवर दगड आणि झाडाच्या फांद्या टाकल्या गेल्या. परतलेल्यांना शाळांतून ठेवले. विलगीकरण शास्त्राला धरून होते. नजर मात्र तशी नव्हती. एक माथाडी मला म्हणाला, “देवळाच्या बांधकामाला पैसं पाठवलं, तवा त्याच्यावर कुणी फवारणी केली न्हाई. आता आमच्यावर करत्यात.” या वाक्यापुढे मला काही बोलता आले नाही.

त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. १९१८च्या जातवार आकड्यांचीच ही नवी आवृत्ती. फरक एवढाच की, लागण इतकी पसरूनही झोपडपट्टीत त्या प्रमाणात मृत्यू झाले नाहीत. तिथली वस्ती तरुण होती, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणूनच मी म्हणतो, पसरणे आणि मारणे ही दोन खाती वेगळी मांडावीत. पसरण्याचे खाते खोलीचे आकारमान ठरवते. मारण्याच्या खात्यात वय, ताट, आधीचे आजार आणि आयुष्यभर घेतलेला श्वास जमा होतो.

श्वासाचे खाते आज गिरणीच्या भिंतीआड राहिलेले नाही. बारीक धूलिकणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाची अधिकृत मर्यादा ४० आहे. पिंजणखात्यातल्या भुग्याने जे एका खात्यातल्या कामगारांचे केले, ते बांधकाम, वाहने आणि कचऱ्याचा धूर आता अख्ख्या वस्तीचे करतो. २०२० साली घरोघर काढे उकळले गेले आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांचा बाजार झाला. काढ्याला माझा विरोध नाही. पण प्रतिकारशक्ती बाटलीतून येण्याआधी मजुरीतून येते, रेशनमधून येते, खोलीच्या खिडकीतून येते.

‘मानमोडी मुंबैवाल्यांनी आणली’ हे वाक्य म्हणून मला अपुरे वाटते. ज्या वाटेने मनीऑर्डर आली, त्याच वाटेने मानमोडी आली. पैसा घेतला, तर त्या वाटेची जबाबदारीही गावाने घ्यायला हवी. आपल्या गावच्या मुंबईतल्या खोलीत किती माणसे झोपतात, आजारी पडल्यास ती कुठे जातील, गावाकडे त्यांच्यासाठी हवेशीर जागा आहे का, हे साथ नसताना ठरवता येते.

आणि एक काम आमच्यासारख्या हौशी संशोधकांचे. जुनी कोतवाल बुके ठिसूळ झाली आहेत. काहींच्या पानांना हात लावला की तुकडा हातात येतो. त्यांची छायाचित्रे आत्ताच घेतली पाहिजेत. ज्यांना सवड आहे त्यांनी आपल्या गावची १९१८ची, आश्विन-कार्तिकातली पाने काढावीत आणि ‘ताप’ या शब्दापुढची नावे मोजावीत. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होते. किती घरांत दिवा लागला नाही, हे त्या पानांवरून कळेल.